साथीला जॉर्ज हॅरिसन

१५ मार्च १९६८ या दिवशी इंग्लंडमध्ये बीटल्सची एक छोटी तबकडी विक्रीला आली. एका बाजूला पॉल मॅकार्टनीचं ‘लेडी मॅडोना’ आणि दुसऱ्या बाजूला ‘द इनर लाइट’. हे दुसरं गाणं जॉर्ज हॅरिसनचं, आणि बीटल्सच्या छोट्या तबकडीवर त्याचं गाणं येण्याची ही पहिलीच वेळ. गाण्यात हार्मोनियम आहे, सरोद आहे, सनई, बासरी आणि पखवाज आहे. गिटार नाही. जगातल्या सर्वांत गाजलेल्या रॉक बँडचा मुख्य गिटारवादक स्वतःच्या गाण्यात गिटारला हात लावत नाही. जे वाजलं ते सगळं मुंबईत, फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत वाजलं. लेबलवर मात्र वादकांपैकी एकाचंही नाव नव्हतं.

हे पुस्तक हॅरिसनचं चरित्र नाही आणि बीटल्सचा इतिहास तर नाहीच. त्यावर कपाटं भरतील इतकं लिहून झालं आहे. १९६६ ते १९७४ या आठ वर्षांत हा माणूस कोणाकोणाच्या शेजारी बसून वाजवत होता आणि त्याने कोणाला आपल्या शेजारी आणून बसवलं, एवढंच इथे पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद घालायला सोयीचं जाईल. हॅरिसन पुढारी म्हणून मध्यम होता आणि साथीदार म्हणून पहिल्या पंक्तीतला. त्याच्या नावावरच्या काही तबकड्या आज ऐकताना कंटाळा येतो. दुसऱ्याच्या तबकडीवर त्याने वाजवलेले आठ-दहा स्वर मात्र अजून ताजे आहेत.

भोकरदन तालुक्यातल्या वाचकाने ‘आम्हाला याचं काय’ असं विचारलं, तर तो प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका निघते, तीत कीर्तनकारांच्या नावांखाली गायनाचार्य, मृदंगाचार्य, हार्मोनियमवादक, विणेकरी, चोपदार अशी सगळी मंडळी नावागावानिशी छापलेली असतात. मृदंगाचार्य पलीकडच्या तालुक्यातून आलेले असतील तर गावाचं नाव आवर्जून येतं. साथीला कोण होतं हे लिहून ठेवायचं असतं, हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. लंडनच्या तबकडीच्या धंद्याला ते शिकायला फार वेळ लागला. या पुस्तकातल्या बहुतेक प्रकरणांत हीच नावांची गोष्ट या ना त्या रूपात परत येते. कधी नाव गाळलेलं, कधी लपवलेलं, तर कधी भलत्याच स्पेलिंगनं छापलेलं.

हॅरिसनच्या वाट्याला बीटल्समध्ये तिसरी जागा होती. लेनन आणि मॅकार्टनी गाणी लिहिणार, आणि एका मोठ्या तबकडीवर एखाद-दुसरं गाणं याचं. ऑक्टोबर १९६५ मध्ये ‘नॉर्वेजियन वुड’ या लेननच्या गाण्यात त्याने लंडनच्या दुकानातून घेतलेली सतार वाजवली. ती सतार ऐकून आपल्याकडचा विद्यार्थीही हसेल. बोटं गिटारचीच आहेत. पण चार-सहा महिन्यांत माणूस शहाणा झाला. एप्रिल १९६६ मध्ये ‘लव्ह यू टू’ ध्वनिमुद्रित करताना त्याने लंडनमधल्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेकडून वादक मागवले. तबल्यावर होते अनिल भागवत. ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलं गेलं. बीटल्सच्या वेष्टनावर बाहेरच्या वादकाचं नाव येणं ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट, आणि भागवत हे आडनाव तिथे वाचून मराठी वाचक क्षणभर थबकतो. पुढच्याच वर्षी ‘सार्जंट पेपर’मधल्या ‘विदिन यू विदाउट यू’च्या वेळी पुन्हा तसेच वादक आले, पण नावं आली नाहीत. दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी: ही चार नावं जगाला कळायला २०१७ साल उजाडलं. तबकडीला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.

पंडित रविशंकर त्याला जून १९६६ मध्ये लंडनला भेटले. सप्टेंबरमध्ये तो पत्नीसह मुंबईत उतरला, ताजमहाल हॉटेलात राहिला आणि सतारीचे धडे घेऊ लागला. रविशंकरांनी १९६२ मध्ये मुंबईत ‘किन्नर’ ही संगीतशाळा काढली होती. तिथले शंभू दास हे रविशंकरांचे शिष्य, रोजचा रियाज तेच करून घेत. बातमी फुटली, हॉटेलबाहेर पोरापोरींची गर्दी जमली, आणि गुरुशिष्यांना काश्मीर गाठावं लागलं. या पर्वावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मी ते दोन परिच्छेदांत उरकलं आहे, कारण त्या वेळी तो शिकाऊ होता. खरी मजा सव्वा वर्षाने येते.

जो मॅसट या दिग्दर्शकाच्या ‘वंडरवॉल’ चित्रपटाला संगीत द्यायचं हॅरिसनने कबूल केलं आणि जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला. चित्रपट त्याने साध्या चावीच्या स्टॉपवॉचवर मोजून घेतला होता: अमुक दृश्य इतके सेकंद, तमुक दृश्य तितके. युरोपातल्या शास्त्रीय संगीतावर वाढलेल्या माणसाला हा प्रकार पोरखेळ वाटला असता. मुंबईच्या वादकाला मात्र त्यात काहीच नवं नव्हतं. पडद्यावरचं दृश्य, हातात घड्याळ, अमुक ठिकाणी सनई उठली पाहिजे आणि तमुक ठिकाणी बंद झाली पाहिजे, हे इथल्या पार्श्वसंगीताच्या रेकॉर्डिंगमध्ये रोज चालायचं. हॅरिसन नोटेशन लिहून आणणारा नव्हता. तो गुणगुणून दाखवायचा, कधी हार्मोनियमवर स्वर दाखवायचा, आणि वादक ते आपल्या वाद्याच्या भाषेत आणायचे.

स्टुडिओची अवस्था सांगण्यासारखी आहे. लंडनमध्ये तेव्हा चार ट्रॅकची यंत्रं रुळली होती आणि आठ ट्रॅकच्या यंत्रांची चाहूल लागली होती. इथे मुंबईत स्टिरिओ यंत्रसुद्धा नव्हतं. एच.एम.व्ही.चे तरुण अधिकारी भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवलं. दोन ट्रॅक म्हणजे काय, तर सगळ्यांनी एकाच वेळी वाजवायचं. चुकलं तर एकट्याची चूक नंतर दुरुस्त करता येत नाही, सगळं पहिल्यापासून घ्यावं लागतं. खोलीचं ध्वनिरोधन यथातथाच होतं. खालच्या रस्त्यावरची वाहतूक आत यायची. हॅरिसन त्याबद्दल कुरकुरला नाही, उलट पुढे तो ते कौतुकाने सांगायचा. मला वाटतं, ‘वंडरवॉल’मधल्या मुंबईच्या भागाला जी जिवंत धार आहे ती या अडचणीतून आली. लंडनमध्ये केलेले भाग जोडून-जुळवून केलेले आहेत, हुशार आहेत, एरिक क्लॅप्टनची गिटारही तिथे आहे. पण मुंबईचे भाग एका खोलीत बसलेल्या माणसांचे आहेत.

आणि माणसं कोण, तर आशिष खाँ सरोदवर, महापुरुष मिश्र तबल्यावर आणि पखवाजावर, शिवकुमार शर्मा संतूरवर, हरिप्रसाद चौरसिया बासरीवर. शर्मा आणि चौरसिया तेव्हा तिशीच्या आतबाहेरचे, चित्रपटाच्या स्टुडिओंत रोज वाजवणारे. सतारीवर शंभू दास आणि इंद्रनील भट्टाचार्य, तारशहनाईवर विनायक व्होरा, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाद, सनईवर शरद कुमार आणि हनुमान जाधव. सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर आणि बासरीवर एस. आर. केंकरे. कोकण-गोव्याकडची ही दोन आडनावं बीटल्सच्या अॅपल कंपनीच्या पहिल्यावहिल्या मोठ्या तबकडीच्या वेष्टनावर आली. १ नोव्हेंबर १९६८ ला निघालेली ‘वंडरवॉल म्युझिक’ ही अॅपलची पहिली मोठी तबकडी, आणि कोणाही बीटलची पहिली स्वतंत्र तबकडीही तीच. स्पेलिंगं ठिकठिकाणी मोडकी आहेत. पण नावं आहेत, आणि हे हॅरिसनच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे.

तबकडी थोर आहे असं मी म्हणणार नाही. दोन-अडीच मिनिटांचे तुकडे आहेत. सूर लागतो न लागतो तोच तुकडा संपतो. ख्याल ऐकणाऱ्याला हे म्हणजे पाट मांडून ताट उचलल्यासारखं वाटेल. ते संगीत चित्रपटाच्या मापाने कापलेलं आहे, त्याला इलाज नाही. पण ठरलेलं काम आटोपल्यावर जो थोडा वेळ हाताशी राहिला, त्यात या मंडळींनी आणखी एक चाल वाजवली, आणि तीच ‘द इनर लाइट’ झाली. शब्द चिनी ताओ-ते-चिंगवरून बेतलेले. ते सुचवले केंब्रिजमधले संस्कृतचे प्राध्यापक आणि गीतेचे भाषांतरकार हुआन मास्कारो यांनी. गायन फेब्रुवारीत लंडनला झालं. तिथून हॅरिसन थेट हृषीकेशला गेला. २०१४ मध्ये ‘वंडरवॉल’ पुन्हा निघाली तेव्हा या गाण्याचा गायनाशिवायचा एक टेक तिच्यात जोडला गेला. तो मिळाला तर आधी तोच ऐकावा. सरोदाच्या द्रुत जागा आणि सनई-बासरीची संथ उत्तरं यांतला खेळ गाण्याखाली झाकला जातो. इथे तो उघडा ऐकू येतो.

आता एका योगायोगाकडे लक्ष वेधतो. त्याला मी योगायोगच म्हणतो, पुरावा म्हणत नाही. १९६७ मध्ये एच.एम.व्ही.ने ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी काढली. संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसादांची, आणि तिसरं वाद्य गिटार. ती वाजवली ब्रिजभूषण काब्रा यांनी. काब्रा अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. ते गिटार मांडीवर आडवी ठेवत आणि तारेवरून पोलादी तुकडा सरकवत, म्हणजे मींड अखंड निघते, पडद्यांची अडचणच उरत नाही. हवाईयन गिटार आपल्याकडे घरोघरी माहीत होती ती रेडिओवरच्या चित्रपटगीतांच्या धूनमुळे; काब्रांनी तिला रागदारीत बसवलं. त्यांचे दोन्ही साथीदार पुढच्याच जानेवारीत हॅरिसनसमोर बसले होते. आणि १९६९ च्या डिसेंबरात हॅरिसन काय शिकला, तर बोटात नळी घालून तारेवरून सरकवायची.

ती गोष्ट अशी. डेलनी आणि बॉनी ब्रॅम्लेट हे अमेरिकी जोडपं क्लॅप्टनसह इंग्लंडच्या दौऱ्यावर होतं. हॅरिसन त्यांच्यात घुसला तो पाहुणा म्हणून. मागे उभा राहायचा, गर्दीला दिसायचाही नाही. आधीच्या गिटारवादकाने वाजवलेली सरकत्या गिटारची एक जागा होती. ती तू वाजव, असं डेलनीने सांगितलं. याला ते येत नव्हतं. दौऱ्यातच शिकला. बीटल्सने लोकांसमोर वाजवणं १९६६ मध्येच सोडलं होतं, त्यामुळे तीन वर्षांनी रंगमंचावर उभं राहण्याचं सुख त्याला दुसऱ्याच्या बँडमध्ये मिळालं. पुढच्या वर्षी ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये ती सरकती गिटार ऐकू आली आणि जन्मभर तीच त्याची ओळख राहिली. सतार त्याने तोवर जवळजवळ बाजूला ठेवली होती. रविशंकरांसारखं वाजवायला जन्म लागतो, हे त्याने स्वतःशी मान्य केलं होतं. पण सतारीवर तार ओढून घेतलेल्या मींडेची हौस हातातून गेली नव्हती. त्याची सरकती गिटार ब्लूज वाजवणाऱ्यांसारखी कण्हत नाही. ती स्वराला खालून हळूच उचलते, नेमकी जागेवर नेते आणि थांबते. हे त्याने कुठून घेतलं, हे सांगायला माझ्या मते कागदपत्र लागत नाहीत.

या सगळ्या वर्षांत तो दुसऱ्यांच्या तबकड्यांवर सगळीकडे आहे आणि नावाने क्वचितच कुठे. धंद्याचा नियम असा होता की वादक ज्या कंपनीशी बांधलेला, तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कंपनीच्या तबकडीवर त्याचं नाव जाणार नाही. म्हणून क्रीम या बँडच्या ‘बॅज’ या गाण्यात, जे त्याने आणि क्लॅप्टनने मिळून लिहिलं, वादक म्हणून छापलं गेलं ‘लान्जेलो मिस्तेरिओसो’. क्रीममधल्याच जॅक ब्रूसच्या तबकडीवरही हाच गूढ देवदूत. पियानोवादक निकी हॉपकिन्सकडे तो जॉर्ज ओहारा झाला. १९७४ च्या सुमारास स्प्लिंटर या जोडीसाठी वाजवताना त्याने घेतलेलं नाव वाचून वारकऱ्याच्या घरातला माणूस हसल्याशिवाय राहणार नाही: हरि जॉर्जसन. चीच आणि चाँग या विनोदवीरांच्या ‘बास्केटबॉल जोन्स’मध्येही त्याची गिटार आहे. हे गाणं मी पुस्तकात ठेवावं की नाही, याचा बराच विचार केला आणि ठेवलं. बोलावलं की जायचं, ही वृत्ती त्यात उघड दिसते.

गुणवत्तेने पाहिलं तर १९७१ सालाला तोड नाही. लेननच्या ‘इमॅजिन’मधल्या पाच गाण्यांत तो वाजवतो. त्यांतलं ‘हाऊ डू यू स्लीप’ हे मॅकार्टनीला केलेली उघड शिवीगाळ आहे; दोघांच्या भांडणात तिसऱ्याने इतकं सुंदर वाजवावं हे विचित्रच. त्याच वर्षी बॅडफिंगर या बँडच्या ‘डे आफ्टर डे’त त्याने त्या बँडच्या पीट हॅमसोबत दोन सरकत्या गिटारी अशा जुळवल्या की दोन वेगळी माणसं वाजवताहेत हे सांगितल्याशिवाय कळत नाही. मला विचाराल तर हॅरिसन काय चीज होता हे ऐकायला हे एक गाणं पुरे. आणि त्यात तो गायक नाही, गीतकारही नाही.

१ ऑगस्ट १९७१ चा बांगलादेशसाठीचा कार्यक्रम सर्वांना माहीत आहे, त्यामुळे त्यावरचं प्रकरण मी मुद्दाम वेगळ्या अंगाने लिहिलं आहे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी आणि रात्री असे दोन खेळ झाले, मिळून चाळीस हजारांच्या आसपास श्रोते आले, आणि तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. कल्पना रविशंकरांची, बंगालमधल्या निर्वासितांचे हाल पाहून त्यांनी मित्राला मदत मागितली. कार्यक्रमाची सुरुवात त्यांच्या सतारीने झाली. सोबत अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं मिळवून झाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, हा किस्सा आता फार झाला आहे. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते यजमानाचं वागणं. कार्यक्रम त्याचा, पण मधे बॉब डिलन आला तेव्हा हा एका बाजूला सरून गिटारची साथ करत राहिला, आणि ‘हिअर कम्स द सन’च्या वेळी पीट हॅमला सोबत घेऊन दोन साध्या गिटारींवर गायला.

पुढे पैशाचं त्रांगडं झालं. युनिसेफच्या नावाने आधी रीतसर नोंद केलेली नसल्यामुळे तबकडीतून येणारे पैसे अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकले. आणि तबकडी बाहेर काढायलाच उशीर झाला, कारण वितरणाचा खर्च कोणी सोसायचा यावर कॅपिटल या तबकडी कंपनीशी जुंपली. नोव्हेंबरात हॅरिसनने दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत कॅपिटलच्या अध्यक्षाचं नाव घेऊन त्याला सुनावलं. तो अध्यक्ष म्हणजे भास्कर मेनन, जवळजवळ चार वर्षांपूर्वी कलकत्त्याहून यंत्र आणवणारे तेच. महिन्याभरात समेट झाला, कॅपिटलने ३७ लाख ५० हजार डॉलरची उचल दिली आणि २० डिसेंबरला तबकडी निघाली. मेननना खलनायक करणं सोपं आहे आणि बहुतेकांनी ते केलं आहे. मला ते पटत नाही. तोट्यात आलेली कंपनी सावरायला नेमलेला माणूस होता तो. हिशेब मागणं हे त्याचं कामच होतं.

पुस्तक १९७४ शी थांबतं, कारण तिथे हा सगळा खटाटोप एकदा पूर्ण ताकदीने झाला आणि आपटला. त्या वर्षी हॅरिसनने डार्क हॉर्स ही स्वतःची कंपनी काढली. तिच्यावर रविशंकरांची ‘शंकर फॅमिली अँड फ्रेंड्स’ ही तबकडी आणली, तीत लक्ष्मी शंकर यांनी गायलेलं एक सोपं, गुणगुणता येईल असं गाणं होतं. मग त्याने भारतातून मोठा वाद्यवृंद बोलावला. हरिप्रसाद आणि शिवकुमार पुन्हा आले. अल्लारखाँ, सुलतान खाँ, एल. सुब्रमण्यम, व्हायोलिनवादक सत्यदेव पवार आले. २३ सप्टेंबरला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम झाला, तो उत्तम झाला. तिथपर्यंत सगळं ठीक.

नंतर हाच ताफा रॉक बँडसोबत अमेरिका-कॅनडाच्या दौऱ्यावर निघाला. २ नोव्हेंबरला व्हँकुव्हरहून सुरुवात आणि २० डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये शेवट. तालमी आणि नव्या तबकडीचं काम एकदमच चालल्याने हॅरिसनचा आवाज आधीच बसला होता. लोक बीटल्सची गाणी ऐकायला आले होते. मधे सतार-सारंगी सुरू झाली की चुळबूळ व्हायची, हॅरिसन चिडून श्रोत्यांना दोन शब्द सुनवायचा, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं हॅरिसन आणि रविशंकर या दोघांनाही झोडपायची. शिकागोत रविशंकरांना हृदयविकाराचा झटका आला आणि बरेच कार्यक्रम त्यांच्याविना करावे लागले. या अपयशाला समीक्षकांनी हॅरिसनचा हट्ट म्हटलं आहे. हट्ट होताच. पण क्रिकेटच्या मैदानाएवढ्या सभागृहात, रॉकच्या ध्वनियंत्रणेवर, दोन गाण्यांच्या मधल्या फटीत बसवलेला वाद्यवृंद कोणत्याही देशात चालला नसता. अल्बर्ट हॉलमध्ये तीच माणसं तेच वाजवत होती आणि लोक शांत बसले होते.

१९८८ मध्ये ट्रॅव्हलिंग विल्बरीज या टोपणनावांच्या टोळीत तो पुन्हा मनापासून साथीला बसला, आणि १९९७ च्या ‘चांट्स ऑफ इंडिया’चा तो निर्माता होता. दोन्ही गोष्टी या पुस्तकाच्या हद्दीबाहेरच्या आहेत. परिशिष्टात मी फक्त एक यादी दिली आहे: गाणं, साल, आणि साथीला कोण होतं. जिथे हॅरिसनने दुसरं नाव घेतलं तिथे ते नाव तसंच ठेवून पुढे खरं नाव लिहिलं आहे. भारतीय वादकांची नावं मराठी वळणाने लिहिली आहेत, वेष्टनावरच्या स्पेलिंगप्रमाणे नाहीत.

हसनाबाद, ता. भोकरदन, जि. जालना